मधलं कुरण

५ नोव्हेंबर

ताई,

उशिरा लिहितेय. रागावली असशील, तर पत्र पोचेपर्यंत तो राग शिळा होईल, म्हणून मुद्दामच घाई केली नाही.

मला काम मिळालंय. शाळेचे मास्तर परवा आले, ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुम्ही भूगोल शिकलात असं ऐकतो. पोरांसाठी आपल्या गावाचा इतिहास-भूगोल लिहून द्या. दोन पानं पुरेत." मी लगेच हो म्हटलं. लग्न होऊन आल्यापासून या घरात मला येतं असं गृहीत धरून सांगितलेलं हे पहिलंच काम. बाकी सगळं 'येईल हळूहळू' या सदरात आहे.

भूगोल सोपा आहे. समोरासमोर दोन उतार. एकावर आमची वाडी, दुसऱ्यावर त्यांची. मधे रुंद कुरण, कुरणातून ओढा, ओढ्यावर ओलांडायला दगडी फरशी. खालच्या टोकाला सडक आणि सडकेला लागून दोन्ही वाड्यांची मिळून एक शाळा. वारा ओढ्याबरोबर वरून खाली वाहतो, आडवा क्वचितच जातो. दोन्हीकडच्या घरांनी वाऱ्याकडे पाठ केलीय, त्यामुळे गाव लांबून पाहिलं की कुणीतरी रुसून बसल्यासारखं दिसतं.

नावांचा मात्र घोळ आहे. आम्ही स्वतःला अलीकडची वाडी म्हणतो आणि त्यांना पलीकडची. ते स्वतःला अलीकडची म्हणतात आणि आम्हाला पलीकडची. नकाशावर काय लिहू, असं मामंजींना विचारलं. ते म्हणाले, "खरं असेल ते लिही. आपण अलीकडचे."

धंदा दोन्हीकडे एकच. कांद्याचं बी. कांदा विकण्यासाठी नाही, बी विकण्यासाठी. निवडलेला कांदा पुन्हा जमिनीत लावायचा. त्याला दांडा येतो, दांड्यावर फुलांचा गोल गोंडा धरतो, गोंडा वाळला की त्यात काळं बी. आमचं बी लाल कांद्याचं, त्यांचं पांढऱ्याचं. बाजारात या गावाच्या बियाला नाव आहे. लाल म्हणून पेरलं की लालच निघतं, पांढरं म्हणून पेरलं की पांढरंच. मामंजी हे सांगताना छाती काढतात, जणू ते बियांत स्वतः बसून आतून लक्ष ठेवतात.

आता इतिहास. मधलं कुरण कुणी नांगरत नाही. मी खुरप्याने उकरून पाहिलं. माती काळी, भुसभुशीत, ओल धरणारी, आमच्या शेतापेक्षाही चांगली. तिथे फक्त गवत. का, म्हणून विचारत सुटले. सासूबाई म्हणाल्या, दोन भाऊ भांडले, एक इकडे आला, एक तिकडे गेला. आई दोघांच्या मधे आडवी पडली आणि म्हणाली, मी पडले तिथे नांगर घालाल तर मला घालाल. मामंजी म्हणाले, छे, तिथे कुठल्याशा फौजेचे घोडे चरायचे. शेजारच्या आजी म्हणाल्या, आग लागली होती. शेवटी भांडणावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणूनच या वाडीची मुलगी त्या वाडीत देत नाहीत, आणि म्हणूनच पांढरा कांदा घरात आणत नाहीत. आणला की घर फुटतं म्हणे. मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

वन्सं मजेत. तुझी चौकशी करत होत्या. आमच्या विहिरीचा पंप फार जुना झालाय, सारखा बिघडतो. पलीकडच्या वाडीतला पंपवाला बिचारा दर आठवड्याला येतो. वन्सं त्याला पाणी देतात, पाने-पकडी हातात देतात. इतकी मदत करणारी नणंद सगळ्यांना मिळो.

तुझी
धाकटी


१६ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र दुकानात वाचलं. एका गिऱ्हाईक बाईंच्या अंगावर मापाचा ब्लाउज होता, टाचण्या माझ्या तोंडात होत्या. 'पंप फार जुना झालाय' इथे आले आणि टाचणी गिळता गिळता वाचले. बाई विचारत होत्या, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, माझी बहीण भूगोल शिकलीय."

अगं बावळट, पंप जुना नाही. तुझी नणंद नवी आहे.

असो. डोळे उघडले की कळेल.

तुमच्या दोन भावांच्या गोष्टीबद्दल. मी कापड बेतते, मला एवढं कळतं की चांगलं कापड कुणी उगाच मधेच सोडून देत नाही. शिवणीसाठी सोडतात, नाहीतर आत दुमडायला सोडतात. कुणीतरी ते कुरण कशासाठी तरी सोडलंय. आई आडवी पडली असेलही, पण आई किती रुंद असणार?

आणि पांढऱ्या कांद्याने घर फुटतं म्हणे! आपल्या घरात आयुष्यभर पांढराच कांदा खाल्ला. फुटलं का काही? फक्त बाबांचा चष्मा. तुमच्या गावाकडे माल नेणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर आईकडच्या पांढऱ्या कांद्यांची पिशवी पाठवतेय. सासूबाईंना दाखवू नकोस. एक कांदा गुपचूप खा आणि घर कुठून फुटतं ते मला कळव. आधी भिंत जाते की छप्पर, याची फार उत्सुकता आहे.

ताई


९ डिसेंबर

ताई,

पिशवी मिळाली. ट्रकवाल्याने शाळेपाशी उतरवली, मी पदराखाली लपवून आणली. माणसं चोरीचं सोनं आणतात, मी माहेरचा कांदा आणला. एक यांनी आणि मी रात्रीच्या भाकरीबरोबर खाल्ला. यांना रंग अंधारात कळला नाही. चव छान आहे म्हणाले. भिंत, छप्पर, दोन्ही जागच्या जागी.

बाकीचे माळ्यावर ठेवले होते, त्यांना कोंब फुटले. फेकवेनात. आईच्या हातचे. मोरीमागे पाणी मुरतं तिथे टोचून टाकले. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "वा, परसाकडे लक्ष आहे सुनेचं." कोंब हिरवा असतो, आतला रंग बाहेर सांगत नाही. मी गप्प राहिले. शाबासकी आयती मिळाली तर परत कशाला करा?

आणि हो. पंप जुना नाही.

वन्संनीच सांगितलं. विहिरीवर दोघी धुणं धूत होतो. म्हणाल्या, "वहिनी, एक विचारू? तुमच्या भूगोलात आपली वाडी ते पलीकडची वाडी किती लांब?" मी म्हटलं, "फार नाही. चालत गेलं तर गप्पा संपायच्या आत." त्या म्हणाल्या, "मला तर जन्म जाईल असं दिसतंय." मग रडल्या आणि रडता रडता हसल्याही, कारण पंपातला वॉशर त्या स्वतःच सैल करून ठेवतात आणि पंपवाला दर वेळी तो कसून जातो. दोघांनाही माहीत आहे, दोघंही बोलत नाहीत. असा संसार मी अजून पाहिला नाही.

गेल्या आठवड्यात वन्संनी धीर करून सासूबाईंच्या कानावर घातलं. सासूबाई निवडत होत्या ते सूप खाली ठेवून म्हणाल्या, "त्या घरात? या वाडीची पोरगी त्या वाडीत आजवर गेलेली नाही. पहिली तू जाणार?" माणूस वाईट नाही, हे त्यांनाही मान्य आहे. कष्टाळू आहे, हेही. त्याच्याकडे शेतच नाही, पंपांवर पोट आहे, यालाही त्यांची हरकत नाही. हरकत फक्त त्या दोन भावांची. कधी होऊन गेले, नावं काय, कुणाला ठाऊक नाही, आणि माझ्या नणंदेचं लग्न अडवून बसलेत.

मामंजी बायकोपुढे बोलत नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या त्या दोन पानांत भावांचं काही वेगळं निघतंय का बघ." म्हणजे पोरांसाठी लिहायला घेतलं आणि आता खटलाच माझ्याकडे आलाय.

काय करू?

धाकटी


२० डिसेंबर

धाकटे,

काय करू म्हणून काय विचारतेस? एकाच बाजूचं ऐकून कुणी इतिहास लिहितं का? उठ आणि त्या वाडीत जा. लोक काय म्हणतील, याची काळजी करू नकोस, तू मास्तरांच्या कामावर आहेस. वहीपेन हातात असलं की बाई कुठेही जाऊ शकते.

नणंदेला सांग, वॉशर सारखा सैल केला तर आटे जातील. आठवड्याआड कर.

लग्नसराई आहे. मान वर करायला वेळ नाही. दुसऱ्यांच्या लेकींचे कपडे शिवता शिवता त्या पोरीचीच आठवण येत राहते. तिचं माप मला पाठवून ठेव. होईल न होईल, माप असू दे.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता इतकं आहे की कुठून धरू ते कळत नाही.

आधी शेत. तू यायला हवी होतीस. गोंडे उमललेत. सगळा उतार पांढरा, हातभर उंचीवर तरंगणारा. समोरचा उतारही तसाच पांढरा. खाली कांदा लाल असो की पांढरा, फूल दोघांचं सारखंच. मधमाश्यांचा असा आवाज की बोलायचं तर थोडं मोठ्याने बोलावं लागतं. मधे कुरण तेवढं हिरवं. त्यात एक फूल नाही.

तू सांगितल्याप्रमाणे मी पलीकडे गेले होते. तिथल्या म्हाताऱ्यांना गोष्ट विचारली. तीच गोष्ट, ताई, शब्दाला शब्द. दोन भाऊ, आई आडवी. फक्त तिकडे थोरला भाऊ त्यांचा आणि भांडखोर धाकटा आमचा. आणि लाल कांदा घरात आणला की घर फुटतं. मी आले ती अधिकच गोंधळून.

आता परवाचं. घरातले साठवणीचे कांदे कोंबाळले होते, म्हणून वन्संनी मोरीमागचा एक उपटला, धुतला आणि सासूबाईंच्या विळीपुढे ठेवला. सासूबाईंनी तो शेपटीला धरून उचलला, मेलेला उंदीर उचलतात तसा.

"हा कुठला?"

"मोरीमागचा."

"मोरीमागचा पांढरा कसा?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माहेरचा आहे."

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "गोंडे उमललेत?"

उमलले होते. सगळे नाहीत, पण उमलले होते, आणि माश्या त्यांच्यावर होत्या.

मग ताई, या घरात जी धावपळ झाली! सासूबाईंनी पलंगावरच्या उशा धरून अभ्रे खेचून काढले आणि एकेका गोंड्यावर चढवले, आत सापडलेल्या माशीसकट. तू भरतकाम केलेला अभ्राही गेला. मामंजींनी विळ्याने दांडे कापले, सगळं गाठोडं करून पाणी तापवायच्या चुलीत घातलं. माश्या सोडून, हां. माश्यांना यांनी आधी अभ्रे झटकून बाहेर काढलं, आणि त्यांतल्या दोघींनी यांच्या दोन्ही कानांना नेमका डंख मारला. कान सुजून मोठे झालेत, बाकी ठीक.

गलका ऐकून वाडी जमली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "सुनेनं गाव बुडवलं." कुणी म्हणालं, "शिकलेली आहे ना, मग असंच." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मामंजींनी नुसतं शेताकडे पाहिलं आणि म्हणाले, "मोरीच्या बाजूच्या ओळी बियाला धरायच्या नाहीत. एक गोंडा बाजारात जाणार नाही." त्या ओळी सगळ्यांत भरघोस होत्या. ते एवढं बोलले आणि लोक गप्प झाले. आपलं नुकसान आपणच कापून टाकणाऱ्याला काय बोलणार?

मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "मला कुणी सांगितलं का नाही, की माश्यांच्या पायांनी पांढऱ्याचा पराग लाल कांद्याच्या फुलाला लागून बी बिघडतं?" सासूबाई चिडून म्हणाल्या, "सांगितलं नाही कसं? घर फुटतं म्हणून सांगितलं की!" आणि मग आजींकडे वळून, रागाच्या भरात, "म्हणून तर पलीकडची सून करत नाहीत. कितीही बजावा, पोरगी माहेरचं मूठभर काहीतरी आणतेच."

कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. माझं रडू जागच्या जागी थांबलं.

"सासूबाई, आणि ते भाऊ?"

"कुठले भाऊ?"

"भांडलेले. त्यांच्यामुळे करत नाहीत ना पलीकडची सून?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

सासूबाई विचारात पडल्या. उरलेला अभ्रा हातात तसाच. मग म्हणाल्या, "माझ्या सासूने सांगितलं तेव्हा कांद्याचं आणि भावांचं एकाच दमात सांगितलं होतं. मी दोन वेगवेगळ्या जागी ठेवलं."

ताई, शिवणीसाठी सोडलेलं कापड! कुरण तेवढं रुंद आहे, जेवढं माशीला ओलांडावंसं वाटत नाही. मधे गवत, फूल नाही, म्हणजे मधे तिला काही मिळत नाही. वाराही आडवा जात नाही. आमच्या माश्या आमच्याकडे, त्यांच्या त्यांच्याकडे. कुणीतरी शहाण्या माणसांनी, दोन्हीकडच्यांनी मिळून, बसून ठरवलं असणार. आणि चांगली जमीन पाहून पुढे कुणाचा हात शिवशिवेल हे ओळखून गोष्ट रचली असणार. माणूस सल्ल्यावरून नांगर फिरवतो, आईवरून फिरवत नाही.

मी हे सगळं तिथेच, मोरीपाशी, भडाभडा सांगितलं. मामंजी हळूहळू हसायला लागले. वन्सं तो पांढरा कांदा हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे भांडण नव्हतंच?"

त्यांनी तो कांदा माझ्या हातात ठेवला.

"मग मी काही न घेता गेले तर?"

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "माझी मुलगी रिकाम्या हाताने जाणार नाही!"

आणि आत गेल्या. वन्सं माझा हात धरून मला ओढत स्वयंपाकघराच्या मागे घेऊन गेल्या आणि तोंडात पदर कोंबून हसत सुटल्या. "वहिनी, ऐकलंत? 'जाणार नाही' नाही म्हणाली. 'रिकाम्या हाताने' म्हणाली."

आता गाडी तिथेच अडलीय. इथे लेकीला बी दिल्याशिवाय सासरी पाठवलं, तर आईचं नाक जातं. बी दिलं, तर दोन्ही वाड्या जातात.

धाकटी


८ मार्च

धाकटे,

आधी हे की मी कांदे पाठवले, त्याबद्दल तुझ्या सासूबाईंच्या पाया पडते, आणि ते मी समोर येऊन पडेन. पत्रातून पडणं सोपं असतं. ओळी गेल्या त्याचं मला फार लागलं. आपण थट्टा केली आणि एका माणसाने उभं पीक कापलं. तुझ्या सासऱ्यांना सांग, माझ्या शहरात असा माणूस मी पाहिलेला नाही. माझ्याकडचं कापड धुतल्यावर रंग सोडतं, कापडवाला म्हणतो तुमचंच पाणी वाईट.

आता माझी शंका. पंपवाल्याकडे शेत नाही असं तूच लिहिलंस. मग तो त्या वाडीत राहतो कशाला? दोन्हीकडच्या विहिरींचे पंप तोच बघतो ना? दुकान मी कुठे काढलं, आठवतं? माहेर आणि सासर यांच्या बरोबर मधे, चौकात. दोन्हीकडची माणसं येतात, आणि मुक्कामाला कुणीच राहत नाही.

तुमच्या त्या आईवर नांगर घालू नका म्हणतात. तिच्याशेजारी बसू नका, असं कुठे म्हटलंय?

माप अजून आलेलं नाही.

ताई


२१ मार्च

ताई,

माप सोबत आहे. उंची नीट बघ, वन्सं टाचा उचलून उभ्या राहिल्या होत्या. मी दोनदा खाली दाबलं.

मास्तरांनी शाळेत दोन्ही वाड्यांना बोलावलं. माझी दोन पानं वाचायची म्हणून. एवढी माणसं त्या खोलीत एकत्र कधी बसली नव्हती. म्हातारे पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकलेले. आमची वाडी भिंतीच्या या बाजूला, त्यांची त्या बाजूला, आणि मधे आपोआप रिकामी जागा. सवय!

मी वाचलं. आधी ओढा, वारा, माती. मग बी. मग माश्या. मग कुरण कशासाठी. संपलं तेव्हा पलीकडचे एक आजोबा म्हणाले, "म्हणजे भाऊ नव्हतेच म्हणता?"

मी म्हटलं, "बहुतेक नव्हते."

"नसतील. नसले तरी थोरला आमचाच."

"तो कसा काय?" असं म्हणत मामंजी उठले, आणि ताई, जे भाऊ नव्हते त्यांच्यावरून खरोखरचं भांडण सुरू होणार होतं. तेवढ्यात पंपवाला उभा राहिला. हातात पाना. तो कुठेही जाताना पाना घेऊन जातो, बाकीचे टोपी घेतात तसा. म्हणाला, "मला थोडी जागा हवी आहे. कुरणात, फरशीच्या बाजूला. एक खोली आणि पुढे पंप उघडायला पडवी. दोन्हीकडून हाक मारली तरी ऐकू येईल."

"कुरणात घर?" आजोबा म्हणाले. "आणि नांगरशील मग उद्या."

"मला नांगर धरता येत नाही. विचारा कुणालाही."

"खरं आहे," त्याची आई मागून म्हणाली. "बैलसुद्धा हसले होते."

मग अटी ठरल्या. घराभोवती फूल येणारं काही लावायचं नाही. घरात अख्खा कांदा न्यायचा नाही, न लाल, न पांढरा. न्यायचा तर चिरूनच. चिरलेल्याला कोंब फुटत नाही. हे चाललं असताना वन्सं माझ्या शेजारी बसल्या होत्या. माझ्या मनगटावर त्यांची नखं अजून दिसतात.

शेवटी सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या. पदर सावरला. म्हणाल्या, "चिरलेला कांदा म्हणजे काही रिकामे हात नव्हेत. रोजचा वाडगा मी भरून पाठवीन."

पंपवाल्याची आई म्हणाली, "आमच्याकडूनही येईल. चिरलेलाच."

"आधी आमचा जाईल."

"का? मुलगा आमचा आहे."

"मुलगी आमची आहे."

मास्तर माझ्या कानात म्हणाले, "लग्न ठरलं बहुतेक." ठरलंच होतं. दोघी भांडत होत्या, पण एका बाजूने.

परतताना मामंजी कुरणात थांबले. गवतात चप्पल काढून उभे राहिले. म्हणाले, "इतकी वर्षं इथून जातो, नेहमी भराभरा. कुणी भांडेल, असं वाटायचं."

बी काढून, पाखडून, पोती शिवली की लग्न. कुरणातच. तू चार दिवस आधी ये. मोरीकडच्या ओळींचं विचारशील म्हणून सांगते, त्यांचे दांडे आमच्या चुलीला आणि कांदे पाहुण्यांना. मामंजी म्हणतात, तेवढे तर लग्नाला लागतीलच, बरं झालं आधीच बाजूला काढले. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला बरं वाटलंही.

नकाशाही झाला. वाड्यांच्या नावांच्या जागी मी काहीच लिहिलं नाही. मास्तर म्हणाले, ज्या पोराचं घर जिथे, त्याने तिथे 'अलीकडची' लिहावं.

धाकटी


१७ जून

ताई,

मी तुमच्या धाकटीची नणंद. वहिनी म्हणाल्या, तुमचं काम आहे तर तुम्हीच लिहा, म्हणून मीच लिहितेय. अक्षर पंपासारखं आहे, अधूनमधून अडेल.

तुम्ही शिवलेले कपडे सगळ्यांना फार आवडले. उंची बरोबर बसली. तुम्ही दोन बोटं कमीच धरली होती ना? वहिनी म्हणाल्या, आमची ताई टाचा ओळखते.

घर छान आहे. एक खोली आणि पडवी. आता आम्हाला दोन्ही वाड्या पलीकडच्या. रोज कुणी ना कुणी पंप घेऊन येतं आणि बसतं. परवा दोन्हीकडचे आजोबा एकाच वेळी आले. एकाचा पंप खरंच बिघडला होता. दुसऱ्याने कशासाठी आलो ते सांगितलं नाही, चहा घेतला आणि 'थोरला कुणाचा' ते पुन्हा काढलं. संध्याकाळपर्यंत चाललं. जाताना एकमेकांना फरशीवर हात देऊन गेले.

आता काम. घराला दोन खिडक्या आहेत. एक माझ्या आईच्या वाडीकडे, एक सासूबाईंच्या. उजाडलं की दोन्ही उतारांवरून दोन बायका झाकलेला वाडगा घेऊन निघतात. पोचायच्या कितीतरी आधीपासून आत काय चाललंय ते बघत येतात. आम्ही नुकते उठलेले असतो, आणि नवीनच लग्न झालंय, आता तुम्हाला काय सांगू? तर मला पडदे हवेत. जाड हवेत. रंग लाल नको आणि पांढराही नको, नाहीतर त्यावरूनही सुरू होईल. खिडक्यांचं माप यांनी घेतलंय, म्हणून चूक नसणार. हे सगळ्याचं माप घेतात, पोळीचंसुद्धा.

दोघी रोज म्हणतात, वाडगा ठेवून लगेच निघते. एकही निघत नाही. उंबऱ्यावर टेकतात, एक इकडून, एक तिकडून. आधी कुणाचा कांदा बारीक चिरलाय ते होतं. मग पाठदुखी. मग सुना. आई वहिनींचं फार कौतुक करते, हे वहिनींना सांगू नका, त्यांना अजून 'येईल हळूहळू' असंच सांगायचं ठरलंय. काल तर दोघी उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसल्या आणि उठताना आई म्हणाली, "उद्या जरा लवकर येते." सासूबाई म्हणाल्या, "मीही."

आणि तसंच झालंय. हे लिहितेय तोवर दोन्ही खिडक्यांतून दोघी दिसायला लागल्या. आज आईचा वेग जास्त आहे, पण सासूबाईंना उतार सरळ मिळतो. हे म्हणतायत, पत्र बंद कर, चप्पल घाल. मागचं दार ओढ्याकडे उघडतं आणि तिकडून काहीच दिसत नाही. आम्ही दोघं पाण्यात पाय सोडून बसून येतो. दार नुसतं लोटून ठेवलंय. येतील, बसतील. त्यांना आता आमची गरज नाही.

तुमची
पंपवाली